केराबाईच्या नावावर

दोरा सुईच्या नेढ्यातून पलीकडे गेला असं वाटलं, पण गेला नव्हता, नुसता बाजूनं घसटून वाकला होता — बिरुदेवनं टोक पुन्हा ओठांत ओलं केलं, सुई खिडकीच्या उजेडात धरली आणि एक डोळा मिटला. शेजारी केराबाई त्याच्या जुन्या पांढऱ्या ड्रेसमधून झबलं बेतत बसली होती. तान्ह्याच्या अंगाला पहिलं कापड जुनं लागतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, आणि कोर्टातला शिपाई म्हणून छत्तीस वर्षं वागवलेल्या या ड्रेसइतकं धुतलेलं घरात दुसरं काही नव्हतं. दोरा एकदाचा ओवला. तिनं न बघताच सुई घेतली, आणि त्याला उगाच चोरट्यासारखं झालं, कारण सकाळी सिद्धेश्वराला जाऊन तो काय बोलून आला होता ते तिला ठाऊक नव्हतं.

तसं तिच्यासाठीच तर बोललो... पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काय मी काढली? लेक, सोनाली, तिकडे टेक्सासात. सातवा महिना सरत आलेला, पुढं विमानात घेणार नाहीत. यायचं तर याच आठवड्यात. पण आली, की व्हिसाच्या भानगडीत परत कधी जाता येईल याचा नेम नाही, म्हणून ती एका खटल्यापाशी अडून बसली होती. तिथल्या सरकारनं हुकूम काढला होता, की तिच्यासारख्या कामाच्या व्हिसावरच्या आईबापांचं मूल तिथं जन्मलं तरी ते तिथलं धरायचं नाही. खालच्या कोर्टांनी तो अडवला, प्रकरण सगळ्यात वरच्या कोर्टात गेलं, आणि आता नऊ न्यायाधीशांचा निकाल आज येईल की उद्या, एवढंच राहिलं होतं. हुकूम टिकला तर मग कशाला थांबू, मी येतेच, असं ती म्हणाली होती. तर बिरुदेवनं सकाळी हात जोडले आणि नवस बोलला — हुकूम टिकू दे, नारळाचं तोरण बांधीन.

आणि हे कुणी म्हणावं, तर ज्यानं छत्तीस वर्षांत एकाही पक्षकाराला ‘निकाल कुणाकडं लागंल’ याचं उत्तर दिलं नाही त्यानं. चहाच्या टपरीवरसुद्धा नाही. कोर्टातल्या माणसानं मनातदेखील बाजू घेऊ नये, हा त्याचा ताठा. इतका, की घरात सासूसुनांचं वाजलं तरी हा भिंतीकडं बघत बसायचा, आणि केराबाई अजून त्यावरून त्याला टोमणे मारते.

म्हणून तर सोनाली पहिल्यांदा फोनवर म्हणाली, “नवातले सहा त्यांचे आहेत, अप्पा,” तेव्हा त्याला ते लागलं होतं.

“कुणाचे?”

“हुकूम काढणाऱ्यांच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. इथं पेपरात न्यायाधीशाच्या नावाबरोबर ते पण लिहितात, कुणी नेमलं ते.”

न्यायाधीश कुणाचा असा कसा असेल — आपले हत्तुरे जज्जसाहेब कुणाचे होते? कोर्ट नंबर तीनचे. पण पोरगी समजावून सांगत राहिली, लहानपणी शाळेतलं सांगायची तसं, हात हलवत... की जुनं वळण राखू पाहणाऱ्या त्या पक्षानं चाळीसेक वर्षं नेटानं हेच काम केलंय, कॉलेजातली हुशार वकील पोरं हेरायची, त्यांना वाढवायचं, नावांच्या याद्या तयार ठेवायच्या, आणि खुर्ची रिकामी झाली की आपला माणूस बसवायचा, तो बसला की जन्मभर. शेजारच्या लिंडा आजी तर मत देतात ते तेवढ्यासाठीच. उमेदवार त्यांना मुळीच आवडत नाही. पण तो न्यायाधीश चांगले देतो, म्हणतात. त्याच लिंडा आजी सोनालीला डॉक्टरकडं गाडीतून नेतात, बाळासाठी टोपडं विणलंय त्यांनी, आणि हुकूम टिकावा असंही त्यांना मनापासून वाटतं. ‘दोन्ही कसं गं?’ असं बिरुदेवनं तेव्हा विचारलं होतं. आज विचारलं नसतं.

“आणि अप्पा, ते आपल्या मनाचं कधीच म्हणत नाहीत. म्हणतात, दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी घटनेत हे जन्माचं कलम लिहिलं त्यांच्या मनात काय होतं तेवढंच बघायचं. कधी कधी नेमणाऱ्याच्या विरुद्धही जातात, त्यामुळं काही सांगता येत नाही.”

हत्तुरे साहेब... बहिणीनं भावांवर घातलेला वाटणीचा दावा होता, साहेब दुपारभर चेंबरमध्ये कोरा कागद पुढं घेऊन बसलेले, आणि पाणी ठेवायला गेलेल्या बिरुदेवला त्यांनी विचारलं होतं, तुला काय वाटतं रे? ‘मला काय वाटायचं, साहेब.’ साहेब हसले. म्हणाले, मलाही काही वाटत नाही असंच लिहायचं असतं. साहेब थट्टा करतायत असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता.

“अवो,” केराबाईनं झबल्याला नाडी लावत म्हटलं, “ही चार झाली की पार्सल करून टाका. पोचायला पंधरा दिस लागत्यात म्हणं.”

“पार्सल? ती येणार हाय की.”

“कशाला?”

“तूच की... तू वाट बघतीस तिची.”

“मी कवा म्हटलं?” तिनं दात लावून दोरा तोडला. “मी तर भवानीला सांगून आले, तितंच होऊ दे. लेकराला तितला बी कागद मिळू दे. आन् तितं नवऱ्याला आत घेत्यात, बाईजवळ. इंद्रजीत हात धरून उभा ऱ्हाणार हाय. माझ्या वक्ताला मी माहेरी, वैरागला, आन् तुमी बाराव्या दिशी आला. साहेब सोडंनात म्हणं.” आवाजात राग नव्हता, इतक्या वर्षांत तो कधीच विरून गेला असावा. “मला तवा आई न्हवती पायजे. तुमी पायजे हुता.”

बिरुदेव भिंतीकडं बघत राहिला. महिनाभर तो फोनवर सांगत होता, तुझी आई लई वाट बघतीया, आईच्या जिवाला चैन न्हाय, आईची झोप उडालीया — आणि एकदाही, एकदाही त्यानं केराबाईला विचारलं नव्हतं. आपल्याला हवं ते लिहायचं आणि खाली तिचं नाव. त्या नऊ जणांना मी मनात काय काय बोललो, आणि मी तरी... रोज रात्री कूस बदलणारा मीच, सोनीच्या जुन्या सायकलची हवा उगाच बघणारा मीच.

सात वाजता फोन आला. तिकडे सकाळ, मागं इंद्रजीत घाईत शर्टाची बटणं लावताना दिसत होता. निकाल अजून नव्हता. “अप्पा, रविवारचं तिकीट मिळतंय, आज धरायला लागेल. आई काय म्हणते?”

तेच नेहमीचं वाक्य तोंडाशी तयार होतं. त्यानं ते गिळलं.

“आई तितंच ऱ्हा म्हणती. तू हितं पायजेस ते मला, सोने. आईच्या नावावर मीच बोलत हुतो. आन् तो निकाल तुझ्या विरुद्ध लागावा म्हणून आज नवस बोलून आलो. आता बापाचं काय बी धरू नगंस. तुला काय पायजे ते कर.”

केराबाईचा हात थांबला. पलीकडे सोनालीनं फोन खाली केला असावा, पडद्यावर नुसतं छत दिसत होतं, आणि ती हसते आहे की रडते आहे ते आवाजावरून कळेना. बिरुदेव फोन तसाच धरून बसला. त्याला लाज वाटत होती, बायकोसमोर, लेकीसमोर, देवासमोरही. आणि त्या लाजेच्या तळाशी बरंही वाटत होतं, कारण पोरीवर आपला जीव आहे हे तिला एवढं उघड तो आजवर कधी बोललाच नव्हता.