टवका उडालेला दात

"अहो, चहा गार झाला. त्या दातांकडे काय टक लावून बसलात? बोलणार आहेत का ते?"

बायकोनं थट्टा केली, पण कवळीवाल्याला हसू आलं नाही. टेबलावर प्लॅस्टरचा जबडा होता. सकाळीच दवाखान्यातून आलेला. सोबत चिठ्ठी: पेशंट नंबर सत्तावीस. वरचे सगळे दात काढले आहेत, हा त्याआधीचा नमुना. पूर्ण कवळी हवी. पुढचे दात एकसारखे, सुबक करावेत.

चिठ्ठीवर नाव नव्हतं. कशाला हवं? पुढच्या डाव्या दाताचा कोपरा तिरका उडालेला, आणि शेजारचा दात रांगेत घुसू बघणाऱ्या माणसासारखा आडवा. तीस-पस्तीस वर्षं हा माणूस लोकांचे दात घडवत आला होता. असं तोंड त्यानं एकच पाहिलं होतं. दादाचं!

दादाशी बोलणं बंद होऊन बारा वर्षं झाली होती. दोघं एकाच शहरात राहत होते, तरी.

लहानपणी वडिलांनी दोघांत मिळून एकच गाडी आणली होती. तळहातावर मावेल एवढी, अस्सल धातूची, फिकट हिरवी अमेरिकन पॅकार्ड. सकाळी दादाची, संध्याकाळी बारक्याची. बारक्या म्हणजे आपला कवळीवाला. एकदा तिचं चाक अडकलं आणि बारक्यानं भोकाड पसरलं. चिमटा मिळेना, पक्कड मिळेना. दादानं सरळ चाकाचा दांडा दातात धरला आणि हिसडा दिला. चाक सुटलं, पण दाताचा टवका उडाला. पुढे ते चाक फिरायचं, पण दर फेरीला एकदा अडखळायचं. आईनं विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "जिन्यावरून पडलो." बारक्याचं नावसुद्धा घेतलं नाही पठ्ठ्यानं.

मग आई गेली. घर रिकामं करताना दादानं जुनी ट्रंक भंगारात दिली. गाडी त्या ट्रंकेतच होती. दुसऱ्या दिवशी बारक्या पोहोचला आणि त्यानं घर डोक्यावर घेतलं. पन्नाशीचा बाप्या हुंदके देऊन रडला. दादा वैतागून बोलून गेला, "खेळण्यासाठी रडतोस. आईसाठी एक टिपूस काढलं नाहीस."

झालं! एका वाक्यानं बारा वर्षं खाल्ली.

त्यानंतर कवळीवाल्याला गाड्यांचं वेड लागलं. हडसन, स्टुडबेकर, शेपट्या उंचावलेल्या कॅडिलॅक. भिंतीवरच्या काचेच्या कपाटात एकशे चाळीस झाल्या. सहा वर्षं इतर संग्राहकांना पत्रं लिहून लिहून शेवटी तीच फिकट हिरवी पॅकार्डही मिळाली. बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला, खोकं मात्र कोरं, सीलबंद. शौकिनांचा दंडकच आहे, सील फोडायचं नाही. त्यानंही फोडलं नव्हतं. खोक्याच्या खिडकीतून बघायचा, बस.

कवळी करायला त्याला तीन दिवस लागले. आधी चिठ्ठीबरहुकूम केली. एकसारखे, सुबक दात. छान दिसत होते. पण ते दादाचे नव्हते, कुठल्याही सभ्य गृहस्थाचे होते. त्यानं शेजारचा दात काढून आडवा बसवला. मग बारीक कानस घेतली. दादा ओळखणार, हे नक्की. ओळखून कवळी फेकून दिली तर? दिली तर दिली, असं स्वतःशीच म्हणत त्यानं दाताचा कोपरा तिरका घासला.

आठवड्यानं डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"काका, हे काय? नव्या कवळीत तुटका दात?"

"बदलून देतो, डॉक्टर."

"मी तेच म्हटलं त्यांना. ते आरशात बघत बसले नुसते. म्हणाले, राहू दे, मला कारागिराचा पत्ता द्या. दिला मी. भांडायला आले तर तुमचं तुम्ही बघा बाई."

त्यानंतर दारावर जरा खुट्ट झालं की कवळीवाला हातातलं काम टाकून दाराकडे बघायचा. चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात दादा. केस पार गेलेले, पाठीला बाक आलेला.

"टोचतेय कुठे?" कवळीवाल्याच्या तोंडून एवढंच निघालं.

"नाही. पाणी दे आधी. जिने किती रे तुझे!"

बायको पाणी देऊन चहा टाकायला आत गेली. दादा कपाटासमोर उभा राहिला. एकेक गाडी बघत गेला.

"एवढ्या जमवल्यास?"

"हं."

"ट्रंक मी उघडून बघायला हवी होती, बारक्या."

कवळीवाल्यानं टेबलावरची कानस उचलली, परत ठेवली. "मी आईसाठीच रडत होतो, दादा. गाडीचं निमित्त झालं."

"माहीत होतं रे मला," दादा म्हणाला. "बोलतानाच माहीत होतं."

मग कवळीवाल्यानं कपाटाच्या वरच्या कप्प्यातून खोकं काढलं आणि नखानं टर्रकन सील फाडलं. पॅकार्ड दादाच्या तळहातावर ठेवली.

दादानं ती उलटी करून चाकं बघितली. मग टेबलावर ठेवून बोटानं ढकलली. गाडी सरळ, गुळगुळीत पलीकडच्या कडेला गेली. कवळीवाल्यानं ती अडवली.

"हिचं चाक अडखळत नाही," दादा म्हणाला.

"नाही."

"आपलीचं अडखळायचं."

"हो."

दादा हसला, तेव्हा दाताचा टवका दिसला. कवळीवाल्यानं डोळे पुसले आणि गाडी परत त्याच्याकडे ढकलली.

बायको चहा घेऊन आली तेव्हा दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते आणि गाडी इकडून तिकडे जात होती. तिनं कप ठेवले. चहा गार होतोय, असं आज ती म्हणाली नाही.