मौनीबाईंची मुलाखत

माझी भाची पीएचडी करते आणि तिच्या मुलाखती कागदावर मी उतरवते. ती मोबाइलवर रेकॉर्ड करून आणते, मी ऐकते आणि टाइप करते. टाइपिंग माझं मीच शिकले, त्यामुळे दोनच बोटांनी चालतं, पण त्या बोटांना पळायची सवय आहे.

तिचा विषय असा, की समुपदेशन एका देशात शिकायचं आणि दुसऱ्या देशात, वेगळ्याच रीतीभातीच्या माणसांसमोर बसून करायचं, हे लोकांना जमतं कसं? विषय चांगला आणि माणसंही चांगली मिळाली. घोटाळा दुसराच होता. समुपदेशकाला प्रश्न विचारला की तो उत्तर देत नाही, विचारणाऱ्याकडे बघतो. आणि आमची भाची स्वतःही तेच शिकलेली, त्यामुळे माणसाने मन मोकळं करावं यावर तिची नको तितकी श्रद्धा.

"इथे आल्यावर सुरुवातीला तुम्हाला काय जड गेलं?" ती विचारायची.

"हा प्रश्न तुला फार जवळचा दिसतो," पलीकडून मऊ आवाज यायचा.

झालं! तिथून पुढे भाचीच बोलतेय. मोडलेलं लग्न, आईशी अबोला, गाईडची भीती, सगळं. समोरच्याचं आपलं "हं" आणि "मग?" एका गृहस्थांनी तर शेवटी तिला पुढच्या आठवड्याची वेळ देऊन टाकली. टाइप करताना मला हसू आवरायचं नाही, आणि मग एखाद्या वाक्यापाशी बोटं अडायची. कारण ते तिने मला, सख्ख्या मावशीला, कधी सांगितलं नव्हतं.

गाईडना हसू आलं नाही. "यात संशोधन नक्की कुणावर चाललंय?" त्यांनी विचारलं. एक तरी धड मुलाखत आणा, नाहीतर विषय बदला. म्हणजे आजवरचं सगळं पाण्यात. भाची येऊन माझ्या पलंगावर पालथी पडली.

"मावशी, सोडून देते मी. मला हे जमण्यातलं नाही."

"उठ. तोंड धू. मौनीबाईंकडे जाऊ."

मौनीबाई हे लोकांनी पाडलेलं नाव. तरुणपणी मी त्यांच्या समुपदेशन केंद्रात बाहेरच्या खोलीत बसायचे. आलेल्यांची नावं लिहायची, फोन घ्यायचे, रडून बाहेर पडलेल्यांना पाणी द्यायचं. केंद्र कसलं, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आत कुणी अगदी जिवाचं सांगायला लागलं की नेमका खालून ट्यूबमधली हवा सोडल्याचा फुस्स आवाज यायचा. बाई मूळच्या दूरच्या देशातल्या, तिकडेच शिकून इथे आलेल्या. तिकडे त्यांना शिकवलं होतं की माणूस बोलायचा थांबला तर आपण बोलायचं नाही, वाट बघायची. त्या बघायच्या. पण इथल्या माणसांना वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं, बाई रागावल्या. एक आजोबा तर हळूच बाहेर येऊन मला म्हणाले, "पोरी, आत जा जरा. तुझ्या बाईंचा डोळा लागलाय."

मग कधीतरी बाई वाट बघताना संत्रं सोलायला लागल्या. हातात काम असलेल्या बाईसमोर बोलायला लोकांना बरं वाटायचं. बाई शिरा काढत बसायच्या, फोडी समोर सरकवायच्या, आणि माणूस बोलायचा. अजूनही कुठे संत्र्याच्या सालीचा वास नाकात गेला की मला तो अरुंद जिना, पायऱ्यांवरचे ग्रीसचे डाग आणि लाकडी बाकावर ओळीने बसलेली गप्प माणसं दिसतात. दुकान गेलं, खोल्या गेल्या, तिथे आता कसलंसं गोदाम आहे. मी त्या रस्त्याने जायचं टाळते, आणि तरी कधीकधी मुद्दाम जाते.

आम्ही पोचलो तेव्हा बाईंच्या घरात सगळीकडे खोकी होती. बाई आपल्या मुलाकडे कायमच्या निघाल्या होत्या. तसबिरी उतरवलेल्या भिंतीवर फिकट चौकोन उरले होते.

"सुटलीस की गं चांगली," मला बघून बाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही म्हाताऱ्या झालात."

"मी तेव्हाही होते. तुला दिसत नव्हतं."

भाचीने मोबाइल खोक्यावर ठेवला आणि मला बजावलं, "मावशी, तू तोंड उघडायचं नाहीस." मग खुर्ची सरसावून तिने तोच पहिला प्रश्न विचारला. इथे आल्यावर काय जड गेलं?

बाईंनी मान तिरकी केली. "किती दमलेली दिसतेस गं, बाळा."

भाचीची हनुवटी थरथरायला लागली. गेलीच ही!

"बाई," मी म्हणालेच, "आज तिची नाही, तुमची पाळी आहे!"

भाचीने माझ्याकडे असं पाहिलं की मला खोक्याआड व्हावंसं वाटलं. बाई मात्र हसल्या, आणि मग हसू ओसरलं. "मला येत नाही गं ते. मला कुणी विचारतच नाही."

भाचीने डोळे पुसले. "मी विचारतेय. काय जड गेलं?"

बाई बराच वेळ बोटांनी खोक्यावरची चिकटपट्टी दाबत राहिल्या.

"पहिल्याच वर्षी तिकडे माझी आई गेली. फोन आला तेव्हा बाहेर एक माणूस थांबला होता. त्याला आत घेतलं. तासभर त्याचं ऐकलं."

मी त्या वेळी बाहेर बसलेली. तो फोन आत मीच जोडून दिला असणार. त्या दिवसाचं मला काही म्हणजे काही आठवेना. दिवसासारखा दिवस असणार.

"नंतर रडलात?" भाचीने विचारलं.

"कुणापाशी? तुमच्या भाषेत 'आई गेली' म्हणता येत होतं मला. पण म्हटलं की दुसऱ्याच कुणाची तरी आई गेल्यासारखं वाटायचं."

"मग तुमच्या भाषेत सांगा."

"तुला काय कळणार?"

"काही नाही कळणार."

"आणि तुझं ते रेकॉर्ड? वाया जाईल ना!"

भाचीने मोबाइलकडे पाहिलं. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. गाईड, इतक्या वर्षांचं काम, आणि बाई तर निघाल्याच. "ते माझं मी बघेन," ती म्हणाली. "सांगा तुम्ही."

बाई बोलायला लागल्या. आधी अडखळत, जुनं दार उघडताना कुरकुरतं तसं. मग आवाज चढला, भराभर झाला, मध्येच कुणाची तरी नक्कल केली, हसल्या, रडल्या. इतकी वर्षं ओळखत होते, पण ही बाई मी पाहिलीच नव्हती. हातवारे करणारी, नाक उडवणारी, कुणाची तरी लाडकी मुलगी. भाची जागची हलली नाही. तिने "हं" म्हटलं नाही की "मग?" म्हटलं नाही.

संपल्यावर बाई उठल्या, तोंड धुऊन आल्या आणि चहा टाकला. "हं, विचार आता. काय काय विचारायचंय?" आणि अशा सुटल्या की दिवेलागणीपर्यंत थांबल्या नाहीत. जे हवं होतं ते सगळं आलं, नको होतं तेही आलं.

टाइप करायला बसले तशी मी अडले. "या मधल्या भागाचं काय करू गं? कुणाकडून तरी भाषांतर करून घेऊ या?"

"मी विचारलं बाईंना. त्या म्हणाल्या, मी माझ्या आईशी बोलत होते, तुझ्या गाईडशी नाही." मग म्हणाली, "तिथे काही लिहू नकोस. बोलल्या असतील तेवढी जागा सोड."

"पानंच्या पानं कोरी जातील!"

"जाऊ देत."

मी सोडली. मजकूर गाईडकडे गेला आणि फोन आला. भाचीने तो माझ्यासमोर, माझ्या स्वयंपाकघरात, कणकेचा हात तसाच ठेवून स्पीकरवर घेतला. मुलाखत उत्तम आहे, ते म्हणाले, हिच्यावर प्रबंध उभा राहील. पण मधली ही कोरी पानं काढून टाका.

"नाही सर," भाची म्हणाली. एरवी सरांशी बोलताना हिचं दर वाक्याला "सॉरी सर" असतं. "त्या बोलत होत्या. मी ऐकत होते. मुलाखत तीच आहे."

पलीकडून बराच ऊहापोह झाला. विद्यापीठ, नियम, परीक्षक. भाची मध्ये एकदाही "सॉरी" म्हणाली नाही. मी पोळी करपवली, पण गॅस बंद करायला हललेही नाही. शेवटी सर म्हणाले, राहू द्या. फक्त त्यांना पान क्रमांक घाला.

ते मी लगेच घातले.