गोळ्यांचं पथ्य

कार्त्यायनीअम्मा पथ्याला इतकी कडक, की तिच्या घरात साधा सर्दीचा काढा चालू झाला तरी मासळीवाली दारावरून मुकाट पुढे जायची. इथे तर तिच्या सुगतनचं स्वादुपिंडच बिघडलेलं! आत सतत दाह, त्याचे वण, आणि जेवला की कळ. माडावर सरसर चढून माडी काढणारा धट्टाकट्टा पोरगा, पण कळ आली की गुडघे पोटाशी घेऊन पडायचा.

गाव काय, बोलायला मोकळं. "काढली त्यातली निम्मी पोटात रिचवली असणार!" अम्मा भांडायला उठायची. अहो, सुगतनने जन्मात माडीचा थेंब चाखला नव्हता. हा आजार न पिणाऱ्यांनाही गाठतो, पण गावाला सांगून उपयोग?

आलप्पुळाच्या डॉक्टर रुखियांनी आडपडदा ठेवला नाही. "वण काही जाणार नाहीत. या अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी काहींच्या कळा कमी होतात, काहींच्या नाही. बघू या. आणि जेवताना या पचनाच्या गोळ्या."

"माडावर चढता येईल?" सुगतनने एवढंच विचारलं.

"अंगात ताकद आली तर."

गोळ्या चालू झाल्या आणि अम्माने पथ्य लावलं. मासे बंद, अंडी बंद, फळं बंद. दोन्ही वेळा पातळ पेज. कळा जरा उतरल्या, पण पोरगा वाळत चालला. पथ्यातच काहीतरी कमी पडतंय असं वाटून तिने पेजेतलं मीठही काढलं.

पुढच्या खेपेला वजन बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला. "जेवतोस काय?"

"पेज."

"आणि?"

"आणखी पेज."

"पथ्य अगदी काटेकोर आहे हं, डॉक्टर!" अम्मा कौतुकाने म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? औषध म्हटलं की पथ्य आलंच."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, मी गोळ्या देतेय आणि तुम्ही पोराला उपाशी मारताय! दारू आणि विडी, एवढंच बंद. मासे, अंडी, भाज्या, फळं सगळं द्या. तेल बेताने, आणि थोडं थोडं, पण खाऊ द्या त्याला."

बसमध्ये अम्माच्या डोळ्यांचं पाणी खळेना. "मीच वाळवलं रे तुला, मोने, माझ्या पोरा."

"चला, दृष्ट कुणाची लागली ते तरी कळलं," सुगतन म्हणाला, आणि तिने त्याच्या दंडावर चापट मारली.

दुसऱ्या दिवशी तिने तारली मासळी आणली आणि सोलं घालून, जेमतेम तेलात आमटी केली. सुगतन घास हातात धरून बसला. खाल्लं की कळ, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. शेवटी गोळी घेतली, घास घेतला. मग दोघं त्याच्या पोटाकडे बघत बसली, जणू तिथून कुणी बोलणार आहे. दुपारी एक बारीकशी कळ आली आणि गेली. तेवढीच.

पुढेही अधूनमधून यायची, नाही असं नाही. पण अंग भरत गेलं आणि ओणमच्या सणानंतर डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. सुगतन माडावर चढला तेव्हा अम्मा खाली उभी राहून त्याला, डॉक्टरांना आणि त्या माडालाही शिव्या घालत होती.

तेवढ्यात वरून हाक आली, "अम्मे!"

तिने झटकन मान वर केली. "काय रे? दुखतंय?"

"नाही गं. भूक लागलीय!"

"मग उतर की खाली, मेल्या!" ती ओरडली, आणि तिथेच माडाला धरून रडायला लागली.