भाऊजी, चुकलं

आमच्या घरात जावयाला चुकलं म्हणायची पद्धत नव्हती. जावई म्हणजे रूपराव, माझ्या इंदिराताईचे यजमान, नाचणगावचे, हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट. लग्नानंतर पहिल्यांदा बोरगाव मेघेला आले तेव्हा सेवाग्रामला जाऊन येतो म्हणाले आणि खुशाल पवनारच्या सडकेला लागले. माझे वडील अण्णाजी शाळामास्तर. गावातल्या पोरांना पाठीत धपाटे घालून दिशा शिकवणारा माणूस, पण त्या दिवशी दोन मैल जावयाच्या मागे गुमान चालला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "इकडची हवाबी चांगली हाय." घरी आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जवायाले चूक दाखवाची नसते, केशव. त्यात आपल्या पोरीचा कमीपना होते."

मी हसलो होतो. पण अंगात मुरायचं ते मुरलंच.

१९५९च्या मे महिन्यात पुण्याहून नागपूरला एक छोटं जेट पोचवायचं काम निघालं. दोन पंखांत दोन इंजिनं, पुढे शेजारी शेजारी दोन खुर्च्या. डावीकडे रूपराव, विमान त्यांच्या हातात. उजवीकडे मी, हवाई दलातलाच पण जेटवर नवा, अजून ओठावरचं दूध न वाळलेला. आमचं नातं कामं वाटणाऱ्या कारकुनाला ठाऊक नव्हतं आणि आम्हीही ते सांगायला गेलो नाही. वर्ध्याकडची दोन माणसं एका विमानात म्हणजे गप्पांची चंगळ. आकाशात इंग्रजीच बोलायचं हा नियम आम्ही पुणं दिसेनासं होईपर्यंत पाळला.

पाचच्या सुमाराला वर्धा नदी समोर दिसू लागली. घर दिसावं म्हणून भाऊजींनी विमान सहा हजार फुटांवर आणलं होतं. "ते पाह्य, नदीच्या पल्याड नाचनगाव," ते म्हणाले. "मायनं पापड वाळू घातले असन. मोजून सांग किती हायेत ते."

मी काही बोलणार तोच डावीकडे धाडकन आवाज झाला आणि विमानाचं नाक डावीकडे ओढलं गेलं.

दोन इंजिनांच्या विमानात एक इंजिन गेलं की नाक त्या बाजूला वळतं. ते सरळ ठेवायला दुसऱ्या बाजूचं पेडल पायानं दाबून धरावं लागतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात घोकून घेतात: जो पाय निवांत, त्या बाजूचं इंजिन मेलं. भाऊजींचा उजवा पाय पेडलवर ताठ होता, डावा सैल होता. डावं इंजिन गेलं होतं, यात दुमत व्हायला जागाच नव्हती.

पण मे महिन्यातलं उतरतं ऊन मागून थेट समोरच्या काट्यांवर पडलं होतं. आगीची सूचना देणारे दोन लाल दिवे तिथं शेजारी शेजारी होते, आणि त्या उन्हात दोन्ही पेटल्यासारखे दिसत होते. भाऊजींची नजर उजव्यावर गेली. "उजव्याले आग लागली," ते म्हणाले, आणि त्यांनी उजव्या इंजिनाचं इंधन तोडलं.

मी त्यांचा हात जाताना पाहिला. चुकीच्या दांडीकडे चाललाय हेही मला कळलं. 'नाही' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता आणि मी तो गिळला. घाबरून नव्हे. घाबरलो असतो तर ओरडलो तरी असतो.

"पाह्य, सरळ झालं," भाऊजी म्हणाले. सरळ होणारच होतं. चांगलं इंजिन त्यांनी बंद केलं, बिघडलेल्याच्या अंगात जीव उरला नव्हता. दोन्ही बाजूंना सारखाच दुष्काळ, मग नाक वळणार कुठं?

"भाऊजी, डाव्याचा काटा जरा पाहून घेता का?" मी म्हणालो.

"पाह्यला ना. थरथरून राह्यलं, पन चालून राह्यलं."

पाच हजार फूट.

"वेग कमी होऊन राह्यला वाटते."

"मे महिना हाय. गरम हवेत इंजिनाले दम लागतेच."

चार हजार. विमान दगड होऊन खाली चाललं होतं आणि मी त्याला आडून आडून सूचना करत होतो. आज आठवलं की माझा मलाच संताप येतो. "नाई, मी म्हनलं, उजवं एकडाव पाहून घ्यावं का," असलं काहीतरी पुटपुटलो. ते त्यांना नीट ऐकूही गेलं नाही. ते दोन्ही हातांनी विमान सावरत होते, मानेवरून घाम वाहत होता. तीन हजार. समोर नदी, नदीपलीकडे पुलगावची घरं. मला ताई दिसायला लागली. तिच्या नवऱ्याचा मान आणि तिच्या नवऱ्याचा जीव यांत काय राखावं हे ठरवायला मला सव्वा मिनिट लागलं.

"भाऊजी, चुकलं," मी म्हणालो. "डावं मेलं हाय. तुमी चांगलं इंजिन बंद केलं."

त्यांनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. तेवढंच. डावं इंजिन बंद केलं आणि हात उजव्यावर नेला.

तेव्हा उंची दोन हजार होती, पण काटा समुद्रसपाटीपासून मोजतो, त्यातले नऊशे फूट जमिनीनंच खाल्लेले. जेट इंजिन हवेत पुन्हा पेटवायचं तर इंधन हळूहळू सोडावं लागतं, ज्योत धरावी लागते, पाती वेग घेईपर्यंत थांबावं लागतं. अर्धं मिनिट तरी जातं. घाई केली तर तेही विझतं. उडी मारावी तर इतक्या खाली छत्री उघडत नसे.

"आकडे सांग," भाऊजी म्हणाले.

मी उजव्या इंजिनाच्या फेऱ्यांचे आकडे सांगत गेलो. दहा टक्के. बारा. काटा हलत नव्हता. मी मनात गावातल्या सगळ्या देवांना हाका मारल्या, ज्यांना कधी नारळ दिला नव्हता त्यांनाही. पंधरा. पेटलं. वीस. पुलगावच्या घरांची कौलं वेगवेगळी दिसायला लागली होती.

"गावावर नाई न्यायचं," ते म्हणाले. "रेतीत घालतो." त्यांनी नाक थोडं वळवून नदीच्या पात्राच्या रेषेत आणलं. तीस. पस्तीस. आणखी दहा सेकंद मिळाली असती तर ते इंजिन आम्हाला उचलून घेऊन गेलं असतं. "चाळीस," मी म्हणालो, आणि रेती लागली.

डावा पंख काठाला धडकला. डावी बाजू आत आली. सगळं थांबल्यावर फक्त उजवं इंजिन जोरात चालू होतं, अगदी ठणठणीत. मी माझ्या हातानं ते बंद केलं. मग भाऊजींकडे वळलो. ते गेले होते.

चौकशीत इंजिनाचा बिघाड लिहिला गेला. मी काट्यांचे आकडे सांगितले. गप्प किती वेळ होतो, हे कुणी विचारलं नाही.

तेराव्यानंतर ताई माहेरी आली, तेव्हा बोरगाव मेघेच्या घरी माणसं जमली होती. अण्णाजी डोळे पुसत आल्यागेल्याला सांगत होते, "आमच्या केशवनं त्याइले शेवटलोक मान देल्ला. एक उलटा शब्द नाई." मला तिथं बसवेना. मी उठून मागच्या अंगणात गेलो. इंदिराताई तिथं एकटीच तांदूळ निवडत होती.

"तू बाजूलेच होता ना?" तिनं मान वर न करता विचारलं. "इंजिन बिघडलं ते त्याइले नाई दिसलं, पन तुले?"

"मले दिसलं होतं."

"मंग?"

"सांगतलं, ताई. पन उशिरा सांगतलं. जवाई होते म्हनून..."

तिचा हात सुपात थांबला.

"मी त्याइले दिवसातून धा खेपा चुकलं म्हनत होती," ती म्हणाली. "त्याइले कधी राग नाई आला, केशव."