सोळा गावांचा त्रिकालज्ञानी

मनोरला हायवेलगत पत्र्याची एक मोठी शेड आहे. पूर्वी तिथे ट्रकचे जुने टायर ठेवत, हल्ली लहरीनाथ महाराज ठेवले होते. त्या सोमवारी शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. अख्खं दातिवरं गाव टेम्पो करून लोटलं होतं. बाया पुढे, बाप्ये मागे, आणि सगळ्यांच्या माना समोरच्या निळ्या गादीकडे वळलेल्या.

"दर्या माझ्याशी बोलतो!" महाराज डोळे मिटून म्हणाले. "मी कोण? मी नुसता त्याचा टपालवाला! सरकारचा उपग्रह वर बसून खाली बघतो. मी खाली बसून वर बघतो. सांगा, जवळून कोण बघतो?"

"तुमी, महाराज!" शेड दुमदुमली. यात जवळून बघण्याचा संबंध काय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असेल त्याने ते टाळ्यांत बुडवलं.

सलोनी आईशेजारी बसून होती आणि टाळी वाजवत नव्हती. आई, काशीबाई, मात्र हात जोडून रडत होती. रडणार नाही तर काय? महाराजांनी मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये आपल्या आवाजात तीन निरोप पाठवले होते आणि तिन्ही खरे झाले होते. पापलेटचा भाव चढेल म्हणाले, चढला. अवकाळी पाऊस येईल म्हणाले, आणि काशीबाईने वाळत घातलेले बोंबील उचलून घरात नेले त्याच दुपारी सरी कोसळल्या. उधाणाचं पाणी बांधावरून आत येईल म्हणाले, आलं. तीनदा ऐकून तीनदा वाचलेली बाई चौथ्यांदा प्रश्न विचारत नाही.

"आता चौथा निरोप," महाराज म्हणाले. "सरकार म्हणतंय, बुधवारी वादळी वारा सुटेल, होड्या काढू नका. दर्या मला म्हणतो, मी शांत आहे, लेकरांना पाठव. पण लक्षात ठेवा! हा निरोप ग्रुपवरही येईल; तो फक्त तुमच्या गावाचा. दुसऱ्या गावाच्या कानावर गेला तर दर्या रुसेल. म्हणून तर मी प्रत्येक गावाला वेगळा वार दिलाय."

ही अट किनाऱ्यावर कुणाला खटकण्यातली नव्हतीच. आज मासळी कुठे लागली, किती लागली, उद्या कुठे जाणार, हे शेजारच्या गावाला सांगायचं नाही, ही रीत आजोबा-पणजोबांपासूनची. महाराजांनी फक्त त्या रीतीवर शेंदूर फासला.

घरी आल्यावर सलोनीचा बाप नवशा जाळं भरायला लागला. "बुधवारी पहाटे निघायचं. गावातल्या समद्या होड्या निघतात."

"बाबा, इशारा आलाय. बंदरावर बावटा लावलाय."

"बावटा दर वर्षी लागतो. तीनदा मानूस खरा ठरला, त्याचं आयकू का तुजं?"

सलोनीने मितेशदादाला फोन लावला. तो उचलेना. मितेश बोईसरचा. मुंबईच्या एका संशोधन संस्थेने किनाऱ्यावरच्या सोळा गावांत दोन वर्षं अभ्यास केला होता: हवामानाचा इशारा लोकांपर्यंत कसा पोचतो, लिहिलेला निरोप जास्त पटतो की आपल्या बोलीत बोललेला, आणि एकदा विश्वास बसला की गाव एकजुटीने तो पाळतं का. त्यावरून सरकारला इशारे देण्याची पद्धत सुचवायची होती. मितेश त्या कामाचा प्रमुख होता आणि दातिवऱ्याची ही कोळ्याची पोर गावोगाव फिरणारी त्याची मदतनीस. समोरच्याच्या तोंडात आपलं उत्तर कोंबायचं नाही, हे तिला त्यानेच शिकवलं. आपल्याला घडवणारा माणूस म्हणून ती त्याच्याकडे बघायची. त्याने एक शब्द टाकला तर बाप ऐकेल, अशी तिची खात्री होती. म्हणून मंगळवारी सकाळी ती उठून बोईसरला गेली.

वाटेत मासळी बाजार लागला. तिथे दांडी गावची मंदा मासळीची पाटी अर्ध्या भावात उधळत बसली होती.

"काय गो मंदामावशी, एवढी घाई?"

"उद्या धंदा नाय ना. आमच्या गावाला घरात बसायचा हुकूम हाय." मंदाने जीभ चावली. "नाय, म्हंजे सरकारचा."

"सरकारचा हुकूम तर दर वेळी असतो. तुमचं गाव कधी बसलंय?" सलोनी तिच्याजवळ उकिडवी बसली. "मावशी, माझा बाप उद्या दर्यात जातोय. महाराजांनी आम्हाला सांगितलंय की दर्या शांत राहील."

मंदाचा कोयता हातातच राहिला. तिने इकडेतिकडे पाहिलं, पदराखालून मोबाइल काढला आणि निरोप लावला. आवाज तोच, सूर तोच, शपथही तीच. 'दर्या मला म्हणतो, मी खवळणार आहे, लेकरांना घरात ठेव.'

"तुमचेसुद्धा आधीचे तीन खरे झाले?"

"तिनी. भाव, पाऊस, उधाण."

पलीकडे बसलेली शैला हे सगळं ऐकत होती. ती मधल्या एका गावची. तिच्याने राहवलं नाही. "आमचा भाव तेवडा खरा झाला. मंग म्हनाला, पाऊस नाय, ऊन कडक पडंल, घाला वाळत. घातले. समदे बोंबील कुजले, किडे पडले. वर म्हनतो, तुमच्यातल्या कुनी निरोप फोडला म्हनून दर्या रुसला. माज्या जावेवर आळ आला. तवापासून गाव तिच्याशी बोलत नाय."

सलोनीने मंदाचा मोबाइल हातात घेतला. ग्रुपवर महाराजांचा फोटो, नाव 'दर्याकृपा'. तिने ग्रुपची माहिती उघडली. फोटोखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ग्रुप तयार करणारी, सलोनी.

तिच्या पायाखालची वाळू सरकली. हा अभ्यासाचा जुना ग्रुप होता. घरोघरी फिरून, 'माझ्यावर भरवसा ठेवा, मावशी,' असं म्हणत तिने तो जोडला होता. असे सोळा ग्रुप होते. काम संपल्यावर मितेशने सांगितलं, 'मला ॲडमिन कर आणि तू बाहेर पड, मी सगळे बंद करतो.' तिने केलं. ती बाहेर पडल्यावर हे ग्रुप एकाच माणसाच्या हातात उरले होते, मितेशच्या.

मितेशने स्टेशनजवळ मोबाइलचं दुकान टाकलं होतं. काउंटरवर एक कामगार "भैया, रिचार्ज कर दो" म्हणून उभा होता. सलोनीला बघून मितेश हसला, पण तिच्या चेहऱ्याकडे नजर जाताच ते हसू मावळलं.

"दादा, तू म्हणाला होतास, ग्रुप बंद केले."

त्याने आधी कामगाराचं काम उरकून त्याला पाठवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "रागावू नकोस. आपण काय शोधून काढलं होतं, आठवतंय? चुकलेला निरोप लोक विसरतात, बरोबर आलेला गावभर सांगतात. दोन वर्षं राबलो, अहवाल कुठल्या कपाटात पडलाय कुणास ठाऊक. महाराजांनी मात्र तो पहिल्या दिवशी समजून घेतला."

"आणि उद्या? दातिवऱ्याला जा म्हणालास, दांडीला बस म्हणालास."

"दोघांपैकी एक गाव कायमचं आपलं होणार."

"दुसऱ्या गावाच्या होड्या बुडल्या तर?"

मितेशने खांदे उडवले. "कशाला बुडतील? वारा सुटेलच असं कुठंय?"

शिव्या तिच्या ओठांपर्यंत आल्या होत्या. तोंडातून एवढंच निघालं, "केसाने गळा कापलास, दादा. आणि कापला तो माझ्याच हाताने." बाजारापर्यंत ती रडत गेली आणि लोक बघतायत याची तिला लाजही वाटली नाही. मंदा पाटी आवरून तिची वाटच बघत होती. "चल गो. तुज्या गावाला मीच सांगते."

दांडीची बाई दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर आपल्या गावाचा निरोप ऐकवायला आलेली कुणी पाहिली नव्हती. संध्याकाळी होड्यांजवळ गाव जमलं. सलोनीने आईचा मोबाइल एका हातात घेतला, मंदाचा दुसऱ्या हातात, आणि दोन्ही निरोप लागोपाठ लावले. 'लेकरांना पाठव.' 'लेकरांना घरात ठेव.'

मागच्यांनी दोन्ही निरोप तिला पुन्हा लावायला सांगितले.

मग होडीवाला जिवल्या उसळला. "आवाज काडनारी मशिनं हायत आता! खोटा निरोप बनवला आसंल!"

"मग आधीचे तीन खरे कसे झाले, ते सांगते." सलोनी वाळूत बसली आणि सोळा शिंपले मांडले. "ही सोळा गावं. आठांना सांगितलं भाव चढेल, आठांना सांगितलं पडेल. भाव चढला. पडेलवाली आठ गेली." तिने आठ शिंपले भिरकावले. "उरली आठ. चारांना पाऊस सांगितला, चारांना ऊन. पाऊस आला, ऊनवाली चार गेली. उरली चार. दोघांना उधाण चढेल, दोघांना चढणार नाही. आता कोण उरलं? दातिवरं आणि दांडी. आपण उरलो म्हणून आपल्याला चमत्कार दिसला. चौदा गावं तोंड लपवून गप्प बसली, कारण शेजाऱ्याला सांगायचं नाही अशी आपली रीत. माणूस त्रिकालज्ञानी नाही. त्याने दोन्ही डगरींवर हात ठेवलेत."

"पन बोंबील वाचले व्हते गो माजे," काशीबाई पुटपुटली. तिला ते सोडवत नव्हतं.

"वाचले, आई. तुला पाऊस सांगितला आणि शैलाला ऊन. तिचे किडले. तिच्या जावेला गावाने वाळीत टाकलंय. तुझा चमत्कार तिच्या कुजलेल्या बोंबलांतून आलाय."

काशीबाईने आयुष्यभर बोंबील वाळवले होते. एक खेप कुजली की घरात काय होतं, ते तिला कुणी समजवायची गरज नव्हती. भिरकावलेल्यांतला एक शिंपला तिने उचलला आणि ती लेकीकडे वळली.

"ग्रुपात आमची नावं तूच घातलीस ना?"

"हो," सलोनी म्हणाली. "मीच घातली."

आईने मान फिरवली. शंभर माणसांच्या शिव्यांपेक्षा सलोनीला ती फिरलेली मान जास्त लागली. नवशाने मात्र जाळं होडीतून काढून खांद्यावर घेतलं. "माजी होडी नाय जायची," तो म्हणाला. त्याचं बघून एकेक करत बाकीचे मागे फिरले. जिवल्या सगळ्यात शेवटी फिरला.

बुधवार उजाडला आणि दर्या ताटातल्या पाण्यासारखा निवांत होता. पान हलत नव्हतं. जिवल्या किनाऱ्यावरूनच ओरडत आला. "ये गो शिकलेली! कुठाय तुजं वादळ? महाराज खरा ठरला! आमचा दिवसाचा धंदा बुडवलास!" चार-सहा जणांनी मान हलवली. सलोनी दारात उभी होती. तिला रात्रभर झोप नव्हती, एका माणसाने तिला फसवलं होतं आणि आता दर्याही तिच्या बाजूने उभा राहिला नव्हता.

"हवामान खातं वारा सुटण्याची शक्यता सांगतं, काका," ती म्हणाली. "ते उघड सांगतं, सगळ्यांना एकच सांगतं. चुकलं तर आपण त्याला जाब विचारू शकतो. तुमच्या महाराजाला—"

"थांब," नवशा घरातून बाहेर आला. "जिवल्या, महाराज खरा ठरला म्हनतोस? मंग आत्ता होडी काढ. दांडीला जा, न् तिथल्या मानसांना हेच सांग. काल मंदा आपल्याकडं आली तशी."

जिवल्याने दांडीच्या दिशेने पाहिलं. तिथेही लोक शांत दर्याकडे बघत बसले असतील, महाराज खोटा निघाला म्हणून हळहळत असतील. तो होडीकडे गेला नाही, घराकडे वळला.

काशीबाई उठली, लेकीजवळ आली आणि मोबाइल तिच्या पुढ्यात धरला. अजून ती तिच्याकडे नीट बघत नव्हती. "त्या शैलाला फोन लाव. तिच्या जावेनं कायबी फोडलं नव्हतं, हे मला तिच्या गावाला सांगायचंय."

सलोनीने फोन लावला. दुपारी मायलेकी आणि नवशा पालघरला जाऊन पोलिसांत तक्रार देणार होते. तीत मितेशचं नाव घालायचं होतं, आणि ग्रुप कुणी बनवले हेसुद्धा. वाचकहो, बोलाफुलाला गाठ रोज कुठे ना कुठे पडते. तिला चमत्कार म्हणण्याआधी एवढंच करा: ज्यांच्या बाबतीत ती पडली नाही, त्यांच्या दारी जा आणि विचारा, तुम्हाला काय सांगितलं होतं?