गाडीवरचा आवाज

माझा आवाज सगळ्या शहराला पाठ आहे, आणि साथीच्या दिवसांत मला त्याचा इतका वीट आला की घरातसुद्धा मी खुणांनी बोलायला लागले. उद्या पाणी येणार नाही, पुढचा रस्ता खोदणार आहेत, कुत्र्यांना लस टोचून घ्या, हे सगळं नगरपालिकेच्या गाडीवरच्या भोंग्यातून वर्षानुवर्षं मीच सांगत आले. तेव्हा लोक ऐकायचे. पाणी येणार नाही म्हटलं की बादल्या भरून ठेवायचे, आणि पाणी खरंच यायचं नाही. या नोकरीत अभिमान वाटावा असं तेवढंच होतं, पण तेवढं होतं.

मग साथ आली. आधी मी सांगितलं की धडधाकट माणसांनी मास्क लावायची गरज नाही. मग सांगितलं की मास्क नसेल तर दंड होईल. मधे काय बदललं ते सांगणारं वाक्य माझ्या कागदावर नव्हतंच. ‘आधी आम्हाला माहीत नव्हतं, आता कळलंय’ एवढं म्हटलं असतं तरी लोकांनी समजून घेतलं असतं. पण आम्हाला माहीत नव्हतं असं कधी म्हणायचं नाही, हा आमच्या कचेरीचा अलिखित नियम. एका संध्याकाळी मी शहरभर ग्वाही दिली की कुठलीही वस्ती बंद होणार नाही. सकाळी उठून बघतात तर गल्ल्यांच्या तोंडांना पत्रे ठोकलेले. किती दिवसांसाठी, कुणाला विचारायचं, दुखलंखुपलं तर बाहेर कसं पडायचं, काही नाही. त्या दिवशी कुणीतरी गॅलरीतून गाडीवर खरकटं पाणी ओतलं. गाडीच्या ड्रायव्हरला आम्ही भोंगेश्वर म्हणतो. तो भिजून कचेरीत आला आणि मला म्हणाला की बोलायचं तुम्ही आणि आंघोळ मला.

दुकानात मी बोटाने वस्तू दाखवायचे, कारण तोंड उघडलं की लोक ओळखायचे. एकदा चुकून साखर मागितली. वाण्याने हात जोडले. म्हणाला, बाई, दुकानं चालू राहतील असं तेवढं भोंग्यावर म्हणू नका, नाहीतर मला आजच कुलूप शोधावं लागेल. रांगेतले सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन साखरेचा डबा आपटला.

सगळ्या शहरात माझ्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस उरला होता, ते म्हणजे आप्पा, माझे वडील. त्यांची सारी नोकरी रेल्वेच्या फाटकावर गेली. सिग्नल लाल म्हणजे लाल, का लाल हे विचारायचं नाही, या हिशेबाने त्यांनी फाटक सांभाळलं आणि आम्हा दोघा भावंडांनाही. आई गेल्यापासून ते भाऊ-वहिनीकडे राहतात. भाऊ कामासाठी परगावी गेला होता तो तिकडेच अडकला, म्हणून घरात आप्पा आणि वहिनी दोघंच. गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला की आप्पा खुर्ची ओढत खिडकीशी न्यायचे, खिडकी सताड उघडायचे आणि शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचे. मग वहिनीला म्हणायचे, ऐकलंस ना, काय म्हणाली ती?

त्या आठवड्यात नवी सूचना आली. कागदावर दोन वाक्यं होती. किरकोळ तक्रारींसाठी रुग्णालयात येऊ नये, घरीच थांबावे. आणि दुसरं, छातीत दुखणे, दम लागणे अशी लक्षणे असल्यास मात्र ताबडतोब यावे. साहेबांनी दुसऱ्यावर काट मारली. आमच्याकडची पद्धत अशी की गाडी एका इमारतीसमोरून पुढे जाते तेवढ्यात सूचना संपली पाहिजे, म्हणजे प्रत्येक घराला ती अख्खी ऐकू जाते. दोन वाक्यं त्यात बसत नव्हती. मी म्हटलं, मग गाडी हळू चालवा. साहेब म्हणाले की डिझेल कोण देणार, आणि दम लागल्यावर दवाखान्यात जायचं हे लोकांना कळत नाही का, लोक काय कुक्कुली बाळं आहेत? बाळं नसतील तर त्यांना पत्र्यामागे का कोंडलंय, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. आवाज चढवून मी दोनदा भांडले. शेवटी एकच वाक्य रेकॉर्ड झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. आप्पांना घाम सुटलाय, डावा हात दुखतोय, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय म्हणतात, पण दवाखान्याचं नाव काढलं की हात झटकतात. “ताई, तुम्हीच सांगा आता. माझं काही चालत नाही,” ती म्हणाली आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

मी सांगितलं, विनवलं, शेवटी ओरडले. आप्पा शांत होते, फक्त मधे मधे थांबून श्वास घेत होते.

“अगं, किरकोळ आहे. तूच आत्ता सांगून गेलीस ना, घरी थांबा म्हणून.”

“आप्पा, ती रेकॉर्ड आहे. मी आत्ता सांगतेय तुम्हाला, मी, तुमची मुलगी.”

“तू घाबरलीयस म्हणून बोलतेस,” ते म्हणाले. “फोनवर लेक बोलते. गाडीवर सरकार बोलतं. ते सगळ्यांसाठी असतं, त्यात मायाबिया आणायची नाही.”

आणि फोन वहिनीकडे दिला. सगळं शहर ज्या आवाजाला शिव्या घालत होतं, तो एका माणसाने मनापासून मानला, आणि तोच आता त्याच्या जिवावर उठला होता. मी कपाळावर हात मारून घेतला आणि चपला घातल्या.

गल्लीच्या तोंडाशी पत्रे होते आणि पत्र्यांच्या फटीपाशी शिपाई. मला आत जायला पास हवा, आप्पांना बाहेर यायला परवानगी हवी, आणि परवानगीच्या नंबरवर कुणी फोन उचलत नव्हतं. शिपाई माणूस म्हणून वाईट नव्हता. त्याने स्वतःच्या फोनवरूनही लावून पाहिला. पण माझ्या हातात काही नाही, हे एकच पालुपद त्याचं चालू. या साथीत कुणाच्याच हातात काही नव्हतं, फक्त पत्रे ठोकायला तेवढे हात सापडले होते.

असं करता करता दुपार झाली, आणि कोपऱ्यावर माझाच आवाज आला. किरकोळ तक्रारींसाठी रुग्णालयात येऊ नये. मी धावत जाऊन गाडीसमोर उभी राहिले. भोंगेश्वरने करकचून ब्रेक लावला. गाडीत हातात धरून बोलायचा एक माइक असतो. तो मंजुरीशिवाय वापरायचा नाही असं त्याच्यावरच चिकटवलेलं आहे. मी आत चढले आणि रेकॉर्ड बंद केली. भोंगेश्वर म्हणाला, “बाई, माझी नोकरी.” मी त्याला सांगितलं की मी तुला ढकलून दिलं असं सांग. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, खाली उतरला आणि टायर तपासायला लागला.

मी रडवेली झाले होते, पण रडक्या आवाजावर आप्पा उठले नसते. मी घसा साफ केला आणि रोजचा, कोरडा, सरकारी आवाज लावला.

“नागरिकांना सूचना. छातीत दुखणे, घाम सुटणे, दम लागणे या किरकोळ तक्रारी नाहीत. अशा नागरिकांनी ताबडतोब खाली यावे. बाहेर जाण्याचा मार्ग खुला करण्यात येत आहे.”

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. मी सूचना पुन्हा सांगितली. आप्पांनी ती शेवटच्या शब्दापर्यंत ऐकली आणि ते आत गेले. थोड्या वेळाने वहिनीच्या खांद्यावर हात टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खाली आले. त्यांच्यामागून एक गरोदर बाई आली, तिला कळा सुरू होत्या. पाय काळानिळा पडलेला एक म्हातारा आला. ही सगळी माणसं तोवर दाराआड गप्प बसून होती. शिपायाने आपणहून पत्रा बाजूला ओढला. गाडीवरच सांगितलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला, असं तो मला समजावून सांगत होता.

आप्पा वाचले. हृदयाचा एक भाग निकामी झाला तो झालाच. सकाळीच आणलं असतं तर तोही वाचला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कचेरीत साहेब माझी वाटच बघत होते. मी सांगितलेल्यातलं खोटं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, “खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाही. मंजुरीचा आहे.” तो प्रकार म्हणजे अफवा होती असा खुलासा करायचं ठरलं होतं, आणि साहेबांना तो लोकांच्या ओळखीच्या आवाजात हवा होता. म्हणजे माझ्याच. मी नाही म्हटलं. मला सक्तीच्या रजेवर पाठवलं. आता करा काय करायचं ते, अशा तोऱ्यात मी घरी आले. पण त्यांना माझी गरज नव्हतीच. इतक्या वर्षांची माझी वाक्यं मशीनमध्ये पडून होती. मशीनवाल्याने इकडचा शब्द तिकडे जोडला आणि काम भागलं.

आप्पा घरी आल्यावर मला त्यांना भेटायचा पास मिळाला. आम्ही खिडकीशी बसलो होतो, वहिनी औषधाच्या गोळ्या काढत होती. कोपऱ्यावर गाडी आली. नागरिकांनी अनधिकृत सूचनांवर विश्वास ठेवू नये, त्या निव्वळ अफवा आहेत, असं मी खणखणीत आवाजात सांगत होते.

आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे वळले.

“मग त्या दिवशी तू बोललीस ती अफवा होती?”

“नाही, आप्पा.”

“आणि हे आत्ता कोण बोललं?”

“आवाज माझाच आहे. पण मी बोलले नाही.”

मला वाटलं ते मला रागावतील, आणि रागावले असते तर फार बरं झालं असतं.

“एकाच खांबावर लाल आणि हिरवा दोन्ही दिवे दिसायला लागले,” ते म्हणाले, “की त्या खांबाकडे बघणं सोडून द्यायचं.”

खुर्चीचा हात धरून ते हळूहळू उठले. वहिनी पुढे झाली, तिला त्यांनी थांबवलं. त्यांनी खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली. गाडी अजून खालीच होती, आवाज आता नुसता घुमत होता.

“यापुढे काही सांगायचं असलं ना,” आप्पा म्हणाले, “तर घरी येऊन माझ्यासमोर बसून सांग. तेवढंच मी ऐकेन.”

मी हो म्हटलं. माझा पास संध्याकाळपर्यंतचा होता, आणि दुसरा मिळणार नाही हे मला येतानाच सांगितलं होतं.