आठवा धडा वगळणाऱ्यांनो

मित्रांनो, मी एक जुनं तुर्की व्याकरणाचं पुस्तक आहे. मुक्काम करामा, दुबई. शिकणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे, आधीच सांगून ठेवते.

जन्म इस्तंबूलच्या छापखान्यातला. खोर फक्कान बंदरावर कंटेनर मोजणाऱ्या नूरुद्दीनने मला एका तुर्की खलाशाकडून घेतलं. रत्नागिरीचा माणूस, शाळा सातवीपर्यंत. पण मला कोळून प्याला. माझ्या आठव्या धड्यावर त्याच्या चहाचे डाग आहेत. तो धडाच माझा जीव! तुर्की क्रियापदाला शेपूट लावा, त्याचं नाम होतं, विशेषण होतं. याझ्माक म्हणजे लिहिणे. त्याचंच याझ्मा, लिखाण. त्याचंच याझान, लिहिणारा.

पुढे तो थकला आणि मला फ्रिजच्या डुगडुगत्या पायाखाली सारलं. हीच विद्येची किंमत.

यंदा त्याच्या मुलीला, रुकय्याला, दुबईतल्याच सिलिकॉन ओएसिसमधल्या तुर्की मालवाहतूक कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. व्हिसा संपायला वीस दिवस. नोकरी नाही, तर जन्मापासूनचं घर सोडून जायचं. तिने मला फ्रिजखालून ओढून तुर्कीच्या क्लासला नेलं. तिथल्या सरांनी पाठांतराला शंभर वाक्यांची झेरॉक्स दिली आणि माझ्या आठव्या धड्यावर पेनाने फुली मारली. "नॉट इम्पॉर्टंट!" याला शिक्षक म्हणायचं, तर पोपटाला प्राचार्य करा.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी पोरगी रडकुंडीला आली. गेल्या आठवड्यात आलेला कंटेनर, एवढंच सांगायचं होतं. पण ती आधी इंग्रजीत वाक्य करी आणि त्यातला 'विच' तुर्कीत शोधत बसे. तुर्कीला तो लागतच नाही!

"अब्बा, आय कान्ट. खलास."

"अगो, इंग्रजीला वळसा घालून कशाला जातेस? मराठीत बोल."

"सीरियसली? जॉबसाठी मराठी?"

"हसतेस काय? बोल तर."

"गेल्या आठवड्यात आलेला कंटेनर."

"आता त्याच रांगेत एकेक शब्द तुर्कीत बदल. यल्ला, चल."

"गेचेन... हफ्ता... गेलेन... कोन्तेयनेर." तिने बोटांवर शब्द मोजले. "बस? एवढंच?"

"मग? बंदरावर मी वीस वर्षं गोट्या खेळत होतो?"

दिवसभर दोघांनी आठवा धडा पिंजून काढला. नोकरी मिळाली.

आठवड्याभरात क्लासच्या काचेवर तिचा फोटो झळकला, 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'! रुकय्याने तो स्वतःच्या हाताने उतरवला. "सर, मला माझ्या अब्बांनी शिकवलं. सातवी पास आहेत ते."

मित्रांनो, मला कव्हर घालून कपाटात पुजू नका. मळवा, समासात खरडा. पण आपल्याच भाषेची लाज वाटत असेल, तर मला हात लावू नका.